मधल्या माणसाचा हिशेब

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी इतर शाळांप्रमाणे आमच्या उर्दू शाळेतही झेंडावंदन होते, मुले रांगेत उभी राहतात आणि आम्हा शिक्षकांपैकी कोणीतरी दहा मिनिटे बोलतो. एका वर्षी ती पाळी आमच्यावर आली. आम्ही नेहमीचेच सांगितले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा दिला. रझाकारांनी जुलूम केले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. टाळ्या झाल्या, मुलांना खाऊ मिळाला.

वर्गात परतल्यावर सातवीच्या एका मुलाने विचारले, "सर, तब अपने लोगां किसके तरफ थे?"

आमच्याकडे उत्तर तयार होते. आम्ही शोएबुल्ला खान यांचे नाव सांगितले. हा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हातही तोडला. मुलाने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि पुन्हा विचारले, "और बाकी के?"

या दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. एका टोकाला शोएबुल्ला खान आणि दुसऱ्या टोकाला रझाकारांचा पुढारी कासिम रझवी. हा रझवी लातूरचा वकील, म्हणजे आमच्या शेजारचाच. पण या दोघांच्या मधे जी हजारो माणसे होती, विणकर, टांगेवाले, तहसिलीतले कारकून, शेतमजूर, ती कोणाच्या बाजूला होती? त्यांना नायक म्हणायचे की खलनायक? शालेय पुस्तकात या मधल्या माणसाला जागा नाही. आमच्या घरात मात्र तो होता. त्याच्याकडे आम्ही शेवटी येऊ, कारण त्याच्याकडे पाहायचे कसे हे आम्हाला एका परक्या सिनेमाने शिकवले. आधी त्या सिनेमाबद्दल सांगायला हवे.

नांदेडला बी.एड. करत असताना आम्ही चौघे एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. त्यातल्या एकाला घोडे आणि बंदुकांच्या सिनेमांचा नाद होता. तो सीडी आणायचा आणि रात्री कॉम्प्युटरवर लावायचा. इटलीच्या दिग्दर्शकांनी अमेरिकी काउबॉयपटांच्या धर्तीवर १९६० आणि ७० च्या दशकांत हे सिनेमे काढले. इटलीचे म्हणून त्यांना तिथल्या शेवयांचे नाव पडले, स्पॅगेटी वेस्टर्न. त्यातल्या काहींची कथा १९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकोच्या क्रांतीत घडते. चित्रण मात्र बहुतेक स्पेनमध्ये, आल्मेरिया भागातल्या उजाड टेकड्यांत व्हायचे. आल्मेरिया हे नाव अरबी 'अल्-मरिय्या'वरून आले. म्हणजे आपल्या इतिहासाच्या धड्यातल्या अंदलुसच्या मातीवर इटलीच्या माणसांनी मेक्सिकोची क्रांती उभी केली होती. ती पाहत आम्ही नांदेडात बसलो होतो. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरे वाचता वाचता निसटत होती. तरी गोष्ट पोहोचत होती.

डॅमियानो डॅमियानी या दिग्दर्शकाचा 'क्विएन साबे?' हा १९६६ चा सिनेमा आमच्या मनात रुतून बसला. या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कोण जाणे?' असा होतो. त्याचा नायक चुंचो हा डाकू आहे. सरकारी गाड्या लुटतो, सैनिकांना मारतो आणि लुटलेल्या बंदुका क्रांतिकारकांच्या जनरलला विकतो. क्रांती त्याचे गिऱ्हाईक आहे. त्याचा भाऊ धर्मगुरू. तो मात्र या बंदुका क्रांतीला फुकट जातात असे समजतो. या टोळीत एक गोरा अमेरिकी तरुण सामील होतो. कपडे स्वच्छ, बोलणे थोडे. चुंचोची त्याच्याशी दोस्ती जमते.

वाटेत एक गाव लागते. गावकऱ्यांनी जमीनदाराविरुद्ध उठाव केलेला असतो आणि आता फौज येणार म्हणून ते भेदरलेले असतात. चुंचो त्यांच्यासाठी थांबतो. बंदूक कशी धरायची ते शिकवतो, दोन दिवस खरोखर पुढारी होतो. पण टोळी पुढे निघून जाते, सोबत मौल्यवान मशीनगन असते, आणि तिच्या मोहाने चुंचोही गाव सोडतो. जनरलकडे माल पोहोचतो, पैसे हातात पडतात, तेव्हा त्याला कळते की त्याच्या मागे फौज आली आणि तिने गावच्या गाव कापून काढले. आम्हाला वाटले, आता हा सबबी सांगेल. चुंचो तसे करत नाही. गुन्हा आपला आहे, शिक्षा मौतीची आहे, हे तो मान्य करतो. ती शिक्षा त्याच्या भावाच्या हातून व्हायची ठरते. पण तेवढ्यात तो अमेरिकी तरुण दुरून गोळ्या झाडून जनरलला आणि भावालाही मारतो. तो सरकारचा भाडोत्री मारेकरी निघतो. जनरलपर्यंत पोहोचण्यासाठीच त्याने चुंचोशी दोस्ती जोडलेली असते.

पुढे हा मित्र बक्षिसाच्या सोन्यातला अर्धा वाटा इमानाने चुंचोच्या पुढ्यात ठेवतो. न्हाव्याकडे नेतो, नवे कपडे शिवतो. दोघे अमेरिकेला निघतात. स्टेशनवर तिकिटासाठी गरीब मेक्सिकन लोकांची रांग असते. मित्र त्या सगळ्यांना बाजूला सारून सरळ खिडकीपाशी जातो. चुंचो ते बघतो आणि गाडी सुटायच्या वेळी मित्राला गोळी घालतो. मित्र मरता मरता विचारतो, का? चुंचोला कारण सांगता येत नाही. कोण जाणे!

त्या रात्री खोलीत मोठा वाद झाला. एक मित्र म्हणाला, हा नमकहराम. ज्याने सोने दिले त्यालाच मारले. दुसरा म्हणाला, भावाचा बदला घेतला. आम्हाला वाटले, त्याने रांगेचा बदला घेतला. रेशनच्या दुकानापुढे पिशवी धरून उभ्या राहिलेल्या माणसाला हे समजवून सांगावे लागत नाही. आपण तासभर उभे आहोत आणि इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस आपल्याला न पाहताच पुढे जातो, तेव्हा आपण कोण आणि तो कोण हे एका क्षणात कळते. चुंचोला आपली बाजू भाषणातून कळली नाही, त्या रांगेतून कळली. तोपर्यंत मात्र गाव संपले होते.

या सिनेमाच्या लेखनात फ्रँको सोलिनास यांचा हात होता. त्याच वर्षी आलेल्या 'बॅटल ऑफ अल्जिअर्स'चे लेखकही तेच. अल्जिरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा हा सिनेमा आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. त्यातला अली हा इतिहासातला खरा माणूस. रस्त्यावर पत्त्यांचा जुगार लावणारा, तुरुंग पाहिलेला. तो पुढे फ्रेंचांविरुद्ध लढता लढता मरतो. सोलिनास यांना एकच प्रश्न छळत असावा असे आम्हाला वाटते. क्रांती धुतल्या तांदळासारख्या माणसांची वाट पाहत बसत नाही. जो सापडेल त्याला घेऊन ती पुढे जाते. मग त्या माणसाचे मोल कसे ठरवायचे?

आपल्याकडचा 'शोले' (१९७५) या इटालियन सिनेमांचेच ऋण घेऊन आला. जय आणि वीरू हे भुरटे चोर, पैशासाठी ठाकूरची नोकरी धरतात. इमामसाहेबांचा तरुण मुलगा अहमद मारला जातो, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर लाज दिसते. पण 'शोले'मध्ये एक सोय आहे. गब्बर कोण आणि गाव कोण, याबद्दल शंका नाही. बाजू आधीच ठरलेल्या आहेत, चोरांनी फक्त योग्य बाजूला यायचे आहे. जयच्या नाण्याला दोन्हीकडे छापाच होता, हे इथे आठवते. मराठवाड्यात १९४८ साली बाजू तशा सोप्या नव्हत्या.

सिनेमातला डाकू बँक लुटतो. आमच्या नांदेड जिल्ह्यातही क्रांतीसाठी बँक लुटली गेली. ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातल्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांच्या आसपास रक्कम नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. अहिंसेचा माणूस गेला त्याच दिवशी त्याचे नाव घेणाऱ्या लढ्यात बँक फोडली गेली, या योगायोगावर आम्ही अनेकदा विचार केला आहे. निजामाच्या कायद्याने तो दरोडा होता. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ते शौर्य आहे, आणि त्या पैशाचा पै-पैचा हिशेब ठेवला होता हे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगतात. हा अभिमान आम्हाला योग्य वाटतो. लुटारू आणि क्रांतिकारक यांच्यात फरक करायचा तर बंदुकीकडे पाहून तो कळत नाही. हिशेबाच्या वहीकडे पाहून कळतो.

सर्जिओ लिओनी यांच्या १९७१ च्या सिनेमात याच्या उलटे घडते. हुआन नावाचा डाकू बायकापोरांच्या पोटासाठी म्हणा की हावेने म्हणा, बँक फोडतो. तिजोऱ्यांत सोने नसतेच. तिथे सरकारने राजकीय कैदी कोंडलेले असतात. दारे उघडतात, कैदी सुटतात, आणि लोक या डाकूला खांद्यावर घेऊन क्रांतीचा वीर म्हणून मिरवतात. तो बिचारा 'सोने कुठे आहे' म्हणून हैराण. कैदी तर सुटले. मग त्याचे काम पुण्याचे की चोरीचे?

बुखारी शरीफची पहिलीच हदीस नीयतीबद्दल आहे. अमलाचे मोल नीयतीवर ठरते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. त्या मापाने हुआन चोरच ठरतो. उलट चुंचोची त्या गावाबद्दलची नीयत साफ होती, पाय तेवढे निसटले, म्हणून तो निर्दोष ठरेल का? गावातले मेलेले लोक त्याच्या नीयतीचे काय करतील? इथे आपल्या उलेमांनी केलेला दुसरा भेद उपयोगी पडतो. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क आणि हुकूकुल इबाद म्हणजे बंद्यांचे हक्क. नमाज चुकली तर तौबा आहे, माफ करणारा रहीम आहे. पण दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल, तर तो त्याला परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. नुसती साफ नीयत तिथे पुरत नाही.

आता आमच्या घरातला मधला माणूस.

आमचे नाना, म्हणजे आईचे वडील, हातमागावर लुगडी विणायचे. १९४८ मध्ये त्यांचे वय बावीस-तेवीस असावे. सुताचा तुटवडा होता, माग बंद पडला होता. रझाकारांत नाव घातले की धान्य मिळते असे कोणी सांगितले आणि नानांनी नाव घातले. 'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वतःच्या मर्जीने काम करणारा, स्वयंसेवक. आम्ही मुलांना उर्दूत हा शब्द शिकवतो तेव्हा क्षणभर अडखळतो. नानांची मर्जी किती आणि भूक किती, हे आता कोण सांगणार? तीन-चार महिने ते त्या टोळीत होते. एका रात्री ते जवळच्या खेड्यावर गेलेल्या जमावात होते, आणि परतताना त्यांच्या डोक्यावर पितळेची एक घागर होती. घागरीच्या गळ्याशी, आपल्याकडे कोरतात तसे, मालकाचे नाव आणि गाव देवनागरीत कोरलेले आहे. त्या रात्री आणखी काय झाले ते नानांनी कधी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

मग फौजा आल्या, आणि त्यांच्या मागोमाग सूड आला. नाना चार दिवस उभ्या ज्वारीत लपून होते. रात्री त्यांना भाकरी आणून देणारा माणूस हिंदू होता, शेजारच्या मागावरचा विणकर. कोणाला कळले असते तर त्याचेही घर जळले असते. नाना वाचले. त्यांचा थोरला भाऊ वाचला नाही, आणि त्याने तर रझाकारांत कधी नावही घातले नव्हते.

नाना आमच्या लहानपणी गेले. शेवटच्या आजारात ते आमच्या आईला म्हणाले होते, "वो घागर वापस करने की रह गई."

अशा माणसाला काय म्हणावे? आमच्या मोहल्ल्यात म्हणतात, मजबुरी होती. दुसऱ्या मोहल्ल्यात म्हणतील, रझाकार तो रझाकार. दोन्ही उत्तरांनी बोलणे तिथेच संपते. हे सिनेमे पाहिल्यावर आम्हाला तिसरे उत्तर मोहात पाडू लागले: माणूस काळा-पांढरा नसतो, करडा असतो, निवाडा करणारे आपण कोण? हे ऐकायला चांगले वाटते, पण यातही धोका आहे. करडा रंग गुन्हेगाराला फार सोयीचा असतो. सगळेच करडे म्हटले की अर्जापूरजवळ १९४६ साली मारले गेलेले गोविंदराव पानसरे आणि त्यांना मारणारे एकाच धुक्यात जातात. आमच्या कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत रझाकारांशी लढताना पडलेले हुतात्मेही त्याच धुक्यात जातात. हे आम्ही मुलांना सांगितलेच पाहिजे, आवाज खाली न घेता.

आणि त्यानंतरचेही सांगितले पाहिजे. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना १९४८ च्या अखेरीस पाहणीसाठी संस्थानात पाठवले. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त. तो अहवाल अनेक वर्षे लोकांसमोर आला नाही. हिंदू विणकरांनी जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवल्याचेही त्यात नोंदवले आहे. ते वाचले तेव्हा नानांची भाकरी आम्हाला एका घराची गोष्ट वाटेनाशी झाली. उमरीच्या पैशाचा हिशेब अभिमानाने सांगणाऱ्या मराठवाड्याने या माणसांचाही हिशेब वाचावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. तोही हुकूकुल इबादचाच भाग आहे. आणि कासिम रझवी? तुरुंगातून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. भाषणे करणारा गेला, ती भाषणे ऐकून नाव घालणारे इथेच राहिले आणि उत्तरे देत राहिले. मूल विचारते तेव्हाही तेच देतात.

लिओनींच्या त्याच सिनेमात एक डॉक्टर आहे, क्रांतीचा पुढारी. छळ असह्य होऊन तो साथीदारांची नावे सांगतो आणि माणसे मारली जातात. हुआनचा आयरिश सोबती हे पाहतो. तरुणपणी याच गुन्ह्यासाठी त्याने आपल्या जिवलग मित्राला गोळी घातलेली असते. या वेळी तो गोळी घालत नाही आणि माफही करत नाही. एकदा निवाडा करून पाहिला, पुन्हा करणार नाही, असे तो म्हणतो. डॉक्टरला सोबत घेतो आणि जोखमीचे काम त्याच्या हाती देतो. निवाडा सोडला, पण हिशेब सोडला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला आम्हाला बराच वेळ लागला. या सिनेमांत दोषही पुष्कळ आहेत. मशीनगनचा खेळ होतो, शेकडो माणसे नावाशिवाय पडतात, बायका नुसत्या मागे उभ्या असतात. आमच्या खेड्यांत पडलेल्या प्रत्येकाला नाव होते. पण एवढी एक गोष्ट त्यांनी नीट सांगितली, की मधला माणूस निर्दोष नसतो, तरी तो उत्तर द्यायला उभा राहू शकतो.

मुफ्तीसाहेब फतवा लिहून झाला की खाली 'वल्लाहु आलम' लिहितात. खरे काय ते अल्लाह जाणे. चुंचोचे 'कोण जाणे' आणि हे 'वल्लाहु आलम' दुरून सारखे वाटतात. पण मुफ्ती ते शब्द उत्तर दिल्यानंतर लिहितात. उत्तराच्या जागी लिहीत नाहीत.

'बाकी के' या प्रश्नाला आम्ही पुढच्या वर्षी उत्तर द्यायचे ठरवले. १७ सप्टेंबरचे झेंडावंदन झाल्यावर, आईला विचारून, माळ्यावरची घागर वर्गात नेली. तो मुलगा आता आठवीत होता. सगळ्यांसमोर त्याच्याकडून घागरीवरचे नाव वाचून घेतले. आमच्या मुलांना देवनागरी चांगली येते, त्याने गावासकट स्पष्ट वाचले. मग आम्ही नानांची गोष्ट सांगितली. धान्याची, त्या रात्रीची, ज्वारीची, भाकरीची. नाना कोणाच्या बाजूला होते ते अल्लाह जाणे, असे म्हणून आम्ही थांबलो.

वर्ग शांत होता. त्या मुलाने घागरीवर बोट ठेवून विचारले, "सर, गाँव का नाम तो इसपर लिखा है. फिर वापस क्यों नहीं दिए?"

नानांची नीयत अल्लाह जाणतो. या प्रश्नापुढे मात्र 'वल्लाहु आलम' म्हणता येत नव्हते. ते गाव कंधारपासून फार लांब नाही.